कमाटीबागेतली ही झाडं आली कुठून?

सकाळचे साडेसहा. पाटीवर सयाजीबाग लिहिलंय, पण बडोद्यात रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगायचं.

हे वर लटकलेलं बघा, कुणीतरी दोरीला दुधी टांगून ठेवल्यासारखं. हे किगेलिया, आफ्रिकेतलं. एकेक फळ काही किलोंचं, खाली सतरंजी टाकू नका. फूल रात्री उमलतं, वटवाघळं येऊन जातात, आपल्या वाट्याला सकाळी ही खाली पडलेली, गडद मरून, बोट घातलं की चिकट. आणि हा रेन ट्री, दक्षिण अमेरिकेकडचा, आभाळ भरून आलं की पानं मिटून घेतो. गुलमोहर मादागास्करचा. म्हणजे ज्याच्या सावलीत उभं राहून आपण सेव-उसळ हाणतो तोही बाहेरून आलेला, आपल्यासारखाच.

बिया खिशातूनही येतात हो, पण रोपं जहाजावर खाऱ्या वाऱ्याने मरायची. 1829 च्या सुमारास लंडनच्या डॉक्टर नथॅनियल वॉर्डने पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली, कोष राहिला बाजूला, मातीतून नेचाच, म्हणजे फर्न, उगवला! पाणी दिवसा वाफ होऊन काचेला लागायचं आणि परत मातीत ओघळायचं, बाहेरून थेंबही घालायला नको. मग त्याने काचेच्या पेट्या केल्या, 1833 मध्ये त्यातून रोपं जिवंत सिडनीला पोचली, पुढे चहा, रबर, सगळ्यांनी असाच समुद्र ओलांडला.

आपली बाग 1879 ची. श्रेय सयाजीराव महाराजांना, द्यावंच, पण तेव्हा नाशिककडच्या कवळाणे गावाहून आलेले महाराज सोळा वर्षांचे, कारभार दिवाण टी. माधवरावांकडे, हे कुणी सांगत नाही.

आणि 1893 मध्ये आला क्रुम्बिगेल. जर्मन माणूस, लंडनच्या क्यू बागेत काम केलेला, बडोदा संस्थानच्या बागा त्याच्याकडे आल्या. नंतर उटी, 1908 पासून बंगळूरची लालबाग. तिथे त्याच्या नावाचा रस्ता आहे. इथे शूटिंगला चार जणांना विचारलं, एक काका म्हणाले, कोण, क्रिकेटवाला का?



ही छोटी मुलगी किगेलियाचं फूल उचलून आजीला विचारतेय, हे कसलं? आजी म्हणाल्या, दुधीचं असेल गं. तेवढ्यासाठी म्हणतोय, दोन पाट्या लावा, एक या झाडाला, एक क्रुम्बिगेलच्या नावाची.