घालून की काढून?

(दृश्य : ‘बार्बरी कोस्ट’मधला बोळका म्हातारा)

साल १९३५. हॉलिवूड दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने ‘बार्बरी कोस्ट’ या सिनेमासाठी एका किडकिडीत नटाला संवाद म्हणून दाखवायला सांगितलं. नटाने उलट विचारलं, “घालून की काढून?”
“काय?”
“दात!”

हा किस्सा हॉक्सच सांगायचा, त्यामुळे थोडं तिखटमीठ लागलेलं असणार. दातांची गोष्ट मात्र खरी. १९३२च्या एका अपघातात वॉल्टर ब्रेननचे बरेच दात गेले होते. कवळी काढली की गाल आत जायचे, उच्चार बोबडे व्हायचे आणि चाळिशीचा माणूस सत्तरीचा दिसायचा. एरवी नटाचं दुकानच बंद झालं असतं. ब्रेननचं इथे सुरू झालं.

जन्म १८९४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये तोफखान्यात होता. नंतर लॉस एंजेलिसला जमिनींच्या व्यवहारात कमावलं, तिथेच गमावलं. मग पोटासाठी सिनेमात एक्स्ट्रा. गर्दीतला एक चेहरा, कधी एखादी धडपड, कधी एखादं वाक्य. अशी कितीतरी वर्षं गेली.

१९३६च्या चित्रपटांपासून ऑस्करमध्ये सहायक अभिनेत्यासाठी पुरस्कार सुरू झाला. पहिला मानकरी ब्रेनन, ‘कम अँड गेट इट’साठी. मग १९३८चा ‘केंटकी’, १९४०चा ‘द वेस्टर्नर’. पाच वर्षांत तीन! सहायक नटांना तेव्हा पुतळा नाही, फलक मिळायचा.

कुजबुज व्हायचीच. त्या काळी ऑस्करला एक्स्ट्रांचंही मत होतं, आणि ते आपल्यातून वर गेलेल्या माणसाला भरभरून मतं देतात, असं बोललं जायचं. पुढे त्यांचा हा हक्क काढून घेतला गेला. ‘केंटकी’बद्दल वाद घाला हवं तर. ‘द वेस्टर्नर’बद्दल नको.

(दृश्य : ‘द वेस्टर्नर’, न्यायाधीश रॉय बीन)

माणसांना बिनदिक्कत फासावर चढवणारा हा न्यायाधीश नटी लिली लँगट्रीवर लट्टू आहे. तिच्या केसांची बट आपल्याकडे आहे, अशी गॅरी कूपर त्याला थाप मारतो. आता ब्रेननकडे बघा. डोळ्यांत आधी संशय, मग हाव, मग शाळकरी पोराची अधीरता. समोर कूपरसारखा देखणा नायक असूनही आपली नजर या खुनशी म्हाताऱ्यावरून हलत नाही.

पुढे ‘टु हॅव अँड हॅव नॉट’मधला दारुडा एडी, ‘रिओ ब्राव्हो’मधला लंगडा, कुरकुऱ्या स्टंपी. दोन्ही पुन्हा हॉक्सचेच सिनेमे.

१९५७ ते १९६३ ‘द रिअल मकॉइज’ या मालिकेने त्याला घराघरांतला आजोबा केलं. हा लाघवी आजोबा पडद्याबाहेर कडवा उजवा होता. नागरी हक्कांच्या चळवळीला त्याचा उघड विरोध होता. चाहते हे सहसा सांगत नाहीत.

२१ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये फुप्फुसांच्या विकाराने तो गेला. वय ८०. पडद्यावर हे वय त्याने चाळीस वर्षं आधीच गाठलं होतं.