उत्तेजक औषध द्यायचं नसेल तेव्हा

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेलं कार्ड. तीन ओळी, प्रत्येकीपुढे रिकामे चौकोन.)

'दप्तर जागेवर ठेवलं.' 'हात वर करून बोललो.' 'पाचपैकी तीन गणितं पूर्ण केली.'

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असलेल्या मुलाचं हे रोजचं कार्ड. अशा मुलांना सहसा उत्तेजक औषध (मेंदूला चालना देऊन लक्ष टिकवणारं) देतात; ते द्यायचं नसेल तेव्हाचा हा एक मार्ग. तिसरी ओळ नीट पाहा. पाचही गणितं मागितलेली नाहीत. आज दोन जमतात, म्हणून तीन. सुरुवातीला बहुतेक दिवस मूल जिंकलंच पाहिजे, नाहीतर ते आठवड्याभरात कार्डाकडे बघायचं सोडतं. खूण प्रत्येक तासाला व्हावी, बक्षीस त्याच संध्याकाळी मिळावं. वार्षिक परीक्षेनंतरच्या सायकलीचं आमिष इथे चालत नाही. लांबच्या बक्षिसाची ओढ या मुलांना फार कमी वाटते.

कार्ड फसतं ते बहुधा मोठ्यांच्या हातून. खूण करायची राहते, किंवा रागाच्या भरात कमावलेले गुण काढून घेतले जातात. हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलं की तो आधी वाढतो, हेही पालकांना आधी सांगायला हवं. त्या चार दिवसांत माघार घेतली, तर जास्त रडलं की मिळतं, एवढंच मूल शिकतं.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना औषधाआधी पालकांना मुलाचं वागणं असं हाताळायला शिकवण्यालाच पहिलं स्थान देतात.

(दृश्य: कॅप्सूलची पट्टी.)

औषधांतही पर्याय आहेत. अ‍ॅटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही. मात्रा वजनावर ठरते: सुरुवात दर किलोला दिवसाला सुमारे 0.5 मिलिग्रॅम, मग 1.2 पर्यंत. म्हणजे 20 किलोच्या मुलाला आधी 10 आणि पुढे साधारण 25 मिलिग्रॅम, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उत्तेजक औषधाचा गुण त्याच दिवशी दिसू शकतो; इथे चार ते आठ आठवडे थांबावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून औषध सोडणं ही फार महागात पडणारी घाई. पोटात मळमळलं तर जेवणासोबत द्यावं. कॅप्सूल उघडू नये, आतली पूड डोळ्यांना झोंबते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा मूल जीव द्यायचं बोलू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

(दृश्य: गोळी, शेजारी खलबत्ता. खलबत्ता बाजूला सरकवला जातो.)

दुसरं उत्तेजक नसलेलं औषध ग्वानफासिन. त्याची दीर्घ परिणामाची गोळी कुटायची नाही, चावायचीही नाही. तसं केलं तर दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. सुरुवातीला झोप येते, रक्तदाब आणि नाडी उतरते, म्हणून दोन्ही मोजत राहावं लागतं. अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो. म्हणून ते दर तीन ते सात दिवसांनी 1 मिलिग्रॅमने उतरवतात.

यातला नेहमीचा घोटाळा साध्या उलट्यांचा. दोन दिवस गोळी पोटात टिकत नाही, तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि घरचे जुनीच पूर्ण मात्रा देतात. लागोपाठ दोन मात्रा चुकल्या असतील, तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कदाचित पुन्हा कमी मात्रेपासून चढावं लागेल.