हवाईच्या माश्या वेगळ्या कशा झाल्या?

या नराचं डोकं नीट पाहा. इतकं रुंद, की डोळे दोन्ही बाजूंना पार टोकाला गेले आहेत. ही ड्रोसोफिला हेटेरोन्युरा. पिकलेल्या फळांवर जमणाऱ्या चिलटांच्याच कुळातली ही माशी जगात एकाच बेटावर राहते: हवाई द्वीपसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटावर.

हा द्वीपसमूह जवळच्या खंडापासून साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. ज्वालामुखींनी ही बेटं समुद्रतळातून वर आणली, ती कुठल्याच खंडाला कधी जोडलेली नव्हती. त्यामुळे इथल्या मूळ कीटकांचे पूर्वज वाऱ्याबरोबर, वाहत्या लाकडावर किंवा पक्ष्यांच्या अंगावरून आले असणार. पोचले फार थोडे. ड्रोसोफिला कुळातल्या पाचशेहून अधिक प्रजातींची इथे नोंद आहे आणि हा अख्खा गोतावळा एखाद-दुसऱ्या आगमनातून वाढल्याचं जनुकांवरून दिसतं.

नव्या बेटावर वंश सुरू व्हायला पोटात फलित अंडी असलेली एक मादीसुद्धा पुरते. पण मूळ बेटावरच्या सगळ्या माश्यांमध्ये जेवढी जनुकीय विविधता असते, तिचा लहानसा हिस्साच तिच्याबरोबर येतो. कुठला हिस्सा, हे निव्वळ योगायोगावर. पुढे नवी झाडं, नवं हवामान आणि जोडीदाराची निवड त्या हिश्श्याला वेगळं वळण देतात. मूळ बेटावरून माश्यांची ये-जा नसल्यामुळे हे वळण पुसलं जात नाही.

हे नुसतं अनुमान नाही. जनुकशास्त्रज्ञ हॅम्प्टन कार्सन यांनी पंखांवर नक्षी असलेल्या शंभराहून अधिक प्रजातींच्या अळ्यांमधली अवाढव्य गुणसूत्रं तपासली. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा बसला, की त्यावरच्या पट्ट्यांचा क्रम बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. या खुणांवरून कार्सन यांनी वंशावळ मांडली. द्वीपसमूहातलं कवाई बेट सुमारे 50 लाख वर्षांचं, सर्वांत मोठं हवाई बेट 10 लाखांहूनही कमी. आणि बहुतेक वंश जुन्या बेटाकडून नव्याकडे सरकलेले! खडकांचं वय आणि माश्यांची वंशावळ अशी जुळलेली पाहणं, ही मला उत्क्रांतीच्या अभ्यासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता पुन्हा त्या रुंद डोक्याकडे. हेटेरोन्युराचे नर डोक्याला डोकं भिडवून झुंजतात. तिची जवळची नातलग ड्रोसोफिला सिल्व्हेस्ट्रिस त्याच जंगलांत राहते, पण तिच्या नरांचं डोकं साधं. प्रयोगशाळेत दोघींचा संकर होतो, संततीही प्रजननक्षम असते. जंगलात मात्र हे क्वचितच घडतं, कारण प्रियाराधनाची पद्धत वेगळी आहे. शरीरं अजून जुळतात, पसंती जुळत नाही.

हवाईच्या लाउपाला रातकिड्यांत हे कानांनी ओळखता येतं. दिसायला जवळजवळ सारखे. पण एका प्रजातीच्या गाण्यात सेकंदाला एक ठोकाही पुरा होत नाही, दुसरीत चारच्या आसपास होतात. मादी सहसा आपल्याच लयीकडे वळते.

बेटाच्या आतही बेटं असतात. लाव्हा जंगलातून वाहतो आणि मधे झाडांचे तुकडे शिल्लक राहतात. त्यांना तिथे किपुका म्हणतात. पलीकडच्या किपुकापर्यंतचं काळं, उघडं मैदान लहान माशीला ओलांडणं अवघड जातं.

हेटेरोन्युराची अळी मुख्यतः क्लेर्मोन्टिया या झाडाच्या कुजणाऱ्या सालीत वाढते. माणसाने आणलेली, आता रानटी झालेली डुकरं ही झाडं उद्ध्वस्त करतात. 2006 मध्ये अमेरिकेने हवाईच्या 12 ड्रोसोफिला प्रजातींना कायद्याचं संरक्षण दिलं, त्यात हेटेरोन्युराही आहे. तिला वाचवायचं, तर आधी ते झाड राखायला हवं.