आत्तीचा पुरा रोज

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात अमेरिकन मिशन आलं १८५२ साली, रॉयल वायल्डर यांच्याबरोबर. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च तुम्ही येता-जाता पाहिलं असेल. एवढ्या वर्षांत आम्ही इथले ख्रिस्ती लोक चार आवाजांत गायला शिकलो, नाताळचा केक शिकलो. पण शास्त्राला, म्हणजे बायबलला, उलटा प्रश्न विचारायचा म्हटलं, की अजून आमचा आवाज खाली जातो.

२०१९चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. आम्ही काही कुटुंबं एका शाळेच्या वर्गात मुक्कामाला. पोरांना गप्प बसवायला कुणीतरी नोहाची गोष्ट काढली, देवानं सगळ्या जगावर पूर आणला ती. आता पुरात पुराचीच गोष्ट! एक आठ-नऊ वर्षांची पोरगी म्हणाली, "पण देवानं इंद्रधनुष्य दाखवून सांगितलं होतं ना, परत नाही म्हणून?" तिच्या आईनं तिला चिमटा काढला. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातलं वचन सगळ्या पृथ्वीच्या नाशाबद्दल आहे, एवढं तरी तिला सांगता आलं असतं. सांगितलं कुणीच नाही. मीही नाही.

पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. कशासाठी एवढा खटाटोप? साध्या बाईला वाचून कळावं म्हणून. आणि बाईला कळलं की बाई विचारणारच.

आमच्या आत्तीनं विचारलं. तीच गोष्ट सांगायला आज आलोय.

आत्ती शाळेत गेली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात भांगलण केली, म्हणजे खुरप्यानं तण काढलं. शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थनासभा असायची. सतरंजी, दारात चपलांचा ढीग, आत गुळाचा चहा. गूळ शेवटी घालायचा, नाहीतर दूध फाटतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. गुळाच्या पेठेत राहून लोक साखरेचा चहा का पाजतात, ते मला अजून कळलेलं नाही. असो.

एका शुक्रवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय घेतला. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, एक दिनार ठरवून. दिनार म्हणजे तेव्हाचा दिवसाचा रोज. मग नऊला आणखी लावतो, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला. सहाला सुट्टी. आणि सगळ्यांना सारखाच एक दिनार. पाचला आलेल्याला पुरा रोज, ऐकताय ना? पाचला आलेल्याला.

आत्ती मागून म्हणाली, "सायेब, मालक चुकला."

सभा थंड. पाळकसाहेब हसून म्हणाले, "आत्ती, ही देवाची कृपा आहे."

"कृपा आसंल. मी सातला पात धरतो, उन्हात कंबर मोडून घेतो. पाचला आलेली माझ्याएवढं घेऊन गेली तर मला कसं वाटंल?" आमच्याकडच्या बायका 'धरतो, घेतो' असंच बोलतात, बाहेरगावच्या श्रोत्यांनी गोंधळू नये. "आन दुसरं. त्यानं आदी शेवटच्यास्नी का दिलं? सकाळच्यास्नी पैसं देऊन वाटंला लावलं आस्तं तर कुनाला कळलंबी नस्तं. त्यानं मुद्दाम त्यांच्या म्होरं दिलं."

मी हा अध्याय पन्नासदा ऐकला असेल, बहुतेक वेळा हल्लीच्या त्या एकसुरी आवाजात, जणू गाडीचं वेळापत्रक. पगाराचा तो क्रम माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. पाळकसाहेबांच्याही नसावा, कारण ते पुन्हा खाली बघून वाचायला लागले.

"पैसं त्याच सांजच्याला दिलं, तेवढं मातर चांगलं केलं," आत्तीनं शेवटी कबूल केलं. बायबलमध्ये 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे, त्याच्या चोविसाव्या अध्यायात तसा नियमच आहे, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. आत्तीला तो नियम माहीत नव्हता. तिला आठवड्याच्या बाजारापर्यंत अडकणारे पैसे माहीत होते.

तीन-चार वर्षं गेली. आत्तीचे गुडघे गेले. टोळीतल्या बायका तिला सोडून जायला लागल्या, तिच्यामुळं पात मागं राहते म्हणून. तरी ती सकाळी खुरपं घेऊन पारावर जाऊन बसायची. एक दिवस दुपारी दोन वाजता एक शेतकरी मोटारसायकलवरून चालला होता. "म्हातारे, अजून हितंच?" आत्ती म्हणाली, "कुनी न्हेलंच न्हाई." मंडळी, द्राक्षमळ्याच्या त्या गोष्टीतले पाचचे मजूर हेच सांगतात. आम्हाला कुणी कामाला लावलं नाही.

त्यानं तिला मागं बसवून नेलं. तीन तास भांगलली. सुटताना त्यानं तिच्या हातावर पुऱ्या रोजाची, शंभराची नोट ठेवली, सगळ्या बायकांच्या समोर.

मला वाटलं, आता आत्ती मालकाची बाजू घेणार. शुक्रवारी तिनं पाळकसाहेबांना तोच अध्याय परत वाचायला लावला. शेवटचा मजूर दिनार घेतो तिथं आले, तशी ती म्हणाली, "थांबा. नोट मी घेतली. घरात तेल नव्हतं, तेल आनलं. पर सकाळपास्नं राबल्याल्या बाया येताना माझ्यासंगं एक शबूद बोलल्या न्हाईत. ह्या पाचच्या मानसाशी घरला जाताना कोन बोललं का, ते लिव्हलंय का वं ह्यात?"

पाळकसाहेबांनी पान उलटून पाहिलं. "नाही लिहिलेलं, आत्ती."

"मग मालक आजून थोडा चुकल्यालाच हाय," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

पाळकसाहेबांनी खिशातली पेन्सिल काढून समासात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला बायबलमधल्या ईयोबाबद्दल बोलू, काही चूक नसताना ज्याचं सगळं गेलं त्या. त्याच्या मित्रांवर देव का रागावला, यावरही आत्तीचं एक म्हणणं होतं. नमस्कार.