बॅटिंग ड्रिल : फायदा किती, धोका कुठे

(ग्रामीण विदर्भातील शाळांच्या क्रीडाशिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सॉफ्टबॉलचा चेंडू बारा इंच घेराचा असतो आणि वजन 178 ते 198 ग्रॅम. म्हणजे लेदरच्या क्रिकेट चेंडूपेक्षाही जड. आपल्याकडची पोरं-पोरी मैदानावर येतात ती टेनिस बॉलने क्रिकेट खेळून. चेंडू लागला तर चोळायचं आणि पुढे खेळायचं, ही त्यांची सवय असते. त्यामुळे धोक्याचा अंदाज त्यांना नसतो. तो आपल्याला असायला हवा.

बॅटिंगचं प्रत्येक ड्रिल ठरवताना मी दोनच प्रश्न विचारायला सांगतो. या ड्रिलमधून नेमकी कोणती एक गोष्ट सुधारते? आणि बॅट फिरत असताना बाकीची मुलं कुठे उभी आहेत? शाळेच्या मैदानावरच्या गंभीर दुखापती बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. मनगट, पाठ, बरगड्या यांच्या दुखापती वेगळ्या. त्या हळूहळू होतात आणि त्यांचं कारण स्विंगची संख्या असतं.

टीपासून, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या खुंटापासून, सुरुवात करू. चेंडू स्थिर असल्याने पाय, कंबर, हात यांचा क्रम बसवायला याहून चांगलं साधन नाही. आतल्या, म्हणजे अंगाजवळून येणाऱ्या, चेंडूचा सराव असेल तर टी पुढच्या पायाच्या थोडी पुढे ठेवा, मधल्या चेंडूसाठी पुढच्या पायाच्या रेषेत आणि बाहेरच्या चेंडूसाठी आणखी मागे, पोटाच्या जवळपास. टी कायम एकाच जागी ठेवली, तर खेळाडू त्या एकाच जागेचा स्विंग पक्का करतो आणि सामन्यात बाहेरच्या चेंडूवर हात लांबवून मारतो.

विकतची टी महाग पडते म्हणून आपण पीव्हीसी पाईप सिमेंटच्या डब्यात रोवून ती बनवतो. चालतं, पण पाईपच्या वरच्या टोकाला गाडीच्या रेडिएटरचा जुना रबरी होज चार ते सहा इंच बसवा. नुसत्या पाईपवर बॅट आदळली की झटका थेट मनगटात जातो, आणि उन्हात वाळलेला पीव्हीसी फुटला की त्याची धारदार चिप उडते. डबा होम प्लेटच्या (बॅटरच्या बाजूला जमिनीवर असलेल्या पाटीच्या) जागेवर येईल असा ठेवा, पुढच्या पायाच्या वाटेत नको. स्ट्राइड, म्हणजे मारण्याआधीचं पुढचं पाऊल, घेताना घोटा त्यावर आपटतो.

आता सॉफ्ट टॉस. याचा फायदा मोठा, आणि बेफिकिरीही यातच सगळ्यात जास्त. टॉस देणारा बॅटरच्या बाजूला, थोडा पुढे, तिरक्या रेषेत अडीच ते तीन मीटरवर एका गुडघ्यावर बसतो आणि चेंडू बॅटरच्या पुढच्या मांडीच्या समोर, कमरेच्या उंचीवर टाकतो. तो सरकत सरकत बॅटरच्या समोर आला, की चेंडूच्या वाटेत येतो. म्हणून चुन्याने त्याची जागा आखून द्या. तारेच्या जाळीवर किंवा शाळेच्या भिंतीवर सॉफ्ट टॉस मारू देऊ नका. चेंडू उलटून बॅटरच्या तोंडावर येतो. नायलॉनची जाळी नसेल तर जाड ताडपत्री फक्त वरून बांधा, खालची बाजू मोकळी आणि कापड सैल. ताणून बांधली की तीसुद्धा चेंडू परत फेकते.

समोरून टॉस द्यायचा असेल तर हिशेब करून बघा. बॅटवरून ताशी 80 किलोमीटरने निघालेला चेंडू सेकंदाला 22 मीटर जातो. साडेपाच मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत तो पाव सेकंदात पोचतो. तेवढ्यात डोकं हलवणं माणसाला जमत नाही. त्यामुळे एल स्क्रीन, म्हणजे टॉस देणाऱ्यासमोरची एल आकाराची जाळीची चौकट, नसेल तर समोरून टॉस द्यायचा असतो तो प्लास्टिकच्या छिद्रांच्या चेंडूनेच. स्क्रीन बांबूची केली तरी चालेल, पण जाळी दुहेरी लावा आणि बांबूंना जुनी गोणपाटं गुंडाळा, नाहीतर बांबूवर आदळलेला चेंडू बॅटरकडे परत येतो. आणि चेंडू सोडला की टॉस देणाऱ्याने हात लगेच स्क्रीनच्या आड घ्यायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

हळूहळू होणाऱ्या दुखापतींबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण त्या आपल्या नजरेतून सुटतात.

क्रिकेटमधून आलेलं पोरगं बॅट तळहातात घट्ट धरतं. सॉफ्टबॉलमध्ये बॅट बोटांत धरायची आणि दोन्ही हातांची मधली पेरं जवळपास एका रेषेत आणायची. खालच्या हाताचा तळवा नॉबवर, म्हणजे बॅटच्या मुठीच्या टोकाच्या गोळ्यावर, चढला, तर प्रत्येक स्विंगला नॉब करंगळीच्या बाजूच्या तळव्यात रुततो. तिथे हॅमेट नावाचं छोटं हाड आहे, त्याच्या हुकाला तडा जाऊ शकतो. खेळाडू सांगतो, 'सर, तळहात दुखते, पकड सुटते.' साधा मुका मार समजून सोडून देऊ नका. साध्या एक्स-रेमध्ये तो तडा कधी कधी दिसतही नाही; डॉक्टरांना दुखण्याची नेमकी जागा आणि बॅटिंगची माहिती द्या.

पाठीचं कारण पायाशी आहे. स्विंगची ताकद जमिनीतून येते. मागचा पाय टाचेवरून उठून फिरला पाहिजे. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पाय अडकतो, वरचं धड मात्र फिरतं. ती पीळ गुडघ्यावर आणि कमरेवर जाते. म्हणून बॅटिंगची जागा मुरमाची करा, पसरून, पाणी मारून, चोपून घ्या. चप्पल घालून बॅटिंग नको. वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा पीळ पडली तर मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. कमरेत एकाच बाजूला दुखतं आणि मागे वाकल्यावर वाढतं, असं कोणी सांगितलं तर त्याची बॅट बंद करा. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

एका हाताने मारण्याचं ड्रिल हात सरळ रेषेत नेण्यासाठी चांगलं आहे, पण ते पूर्ण लांबीच्या बॅटने करू देऊ नका. बॅट 34 इंचांपर्यंत असू शकते. सातवीतल्या पोरीच्या एका मनगटाला ती पेलवत नाही आणि ती कोपर खाली टाकून मारते, म्हणजे जी चूक सुधारायची तीच पक्की होते. आखूड बॅट घ्या किंवा बॅट वर धरायला सांगा. पाच-सहा वेळा पुरे. बॅटला जड रिंग घालून स्विंग करण्याची पद्धत सामन्याआधी टाळाच. रिंग काढल्यावर बॅट हलकी वाटते, पण लगेचच्या स्विंगचा वेग उलट कमी पडतो.

बंटच्या, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच अडवण्याच्या, सरावात बोटं बॅटच्या पुढे आली की ठेचली जातात. वरच्या हाताचा अंगठा आणि वाकवलेली तर्जनी मागून चिमटीत धरतात, बाकीची बोटं मुठीत. हे आधी बॅट स्थिर धरून दाखवा, चेंडू नंतर.

संख्येबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठ-दहा स्विंगचा एक सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं, असे चार-पाच सेट. चौदा वर्षांखालच्या मुलांना एका दिवसात यापेक्षा जास्त पूर्ण ताकदीचे स्विंग नकोत. शंभर स्विंग मारून दमलेला खेळाडू शेवटचे पन्नास चुकीचे मारतो आणि तेच शरीरात बसतं. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा शिबिर सकाळी सहा ते साडेआठ. घामाने पकड सुटते म्हणून बॅटरच्या बाजूला कोरडं फडकं ठेवा, आणि ॲल्युमिनियमची बॅट उन्हात पडू देऊ नका, हात भाजतो. ग्रिप झिजली असेल किंवा बॅटवर बारीक तडा दिसत असेल तर ती बॅट बाजूला ठेवा.

आता चोवीस मुलं आणि तीनच बॅटी असतील तर काय करायचं, हे सांगतो. तीन गट करा. एक गट टीवर, एक सॉफ्ट टॉसवर. दोन्ही ठिकाणचे बॅटर पाठीला पाठ, मारण्याची दिशा एकमेकांच्या उलट, मध्ये दहा मीटर मोकळी जागा. प्रत्येक जाळीपाशी एकच बॅटर आणि टॉस असेल तिथे टॉस देणारा. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे चुन्याच्या रेषेमागे, रिकाम्या हाताने. तिसरी बॅट तुमच्या हातात. तिसरा गट बॅटिंगच्या जागेपासून लांब ग्लोव्ह घेऊन ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू, पकडेल. चेंडू गोळा करायचे ते शिटी वाजवल्यावरच, आणि दोन्ही बॅटी जमिनीवर ठेवलेल्या दिसल्यावरच शिटी वाजवायची.