साडेपाचला रेकॉर्डिंग बंद

(दृश्य: मुंबई, फोर्ट. सर फिरोजशहा मेहता रोडवरची सकाळची वर्दळ.)

इंग्लंडचा बीटल्स बँड आणि भारत म्हटलं की सगळे कॅमेरे थेट ऋषिकेशला जातात. गंगा, महर्षी महेश योगी, गळ्यात झेंडूच्या माळा. आपण तिथे जाणार नाही. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी 1968 मध्ये, या रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये पाच दिवस काम चाललं होतं. ध्यान नाही, प्रवचन नाही. रेकॉर्डिंग.

इमारतीत ऑफिसं आणि त्यांच्या वर एचएमव्हीचा स्टुडिओ. तिथे आला होता बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन, वय वर्षं चोवीस. बाकीचे तिघे इंग्लंडमध्येच.

(दृश्य: ताजमहाल हॉटेलची जुनी छायाचित्रं.)

मुंबई त्याला नवी नव्हती. सप्टेंबर 1966 मध्ये तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला, मिश्या वाढवून, खोटं नाव लावून ताजमध्ये उतरला. पण ओळखलं गेलंच. बातमी फुटली, हॉटेलखाली पोरापोरींची गर्दी उसळली आणि शेवटी गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावं लागलं.

या खेपेला त्याच्याकडे शिकवणी नव्हती, काम होतं. ‘वंडरवॉल’ नावाच्या इंग्रजी चित्रपटाचं पार्श्वसंगीत. दिग्दर्शक जो मॅसो यांनी त्याला पूर्ण मोकळीक दिली होती. हॅरिसननं लंडनमध्ये चित्रपट पाहताना हातात स्टॉपवॉच धरलं आणि कुठे किती सेकंदांचं संगीत हवं, ते वहीत टिपून घेतलं. पुढचं काम म्हणजे त्या रिकाम्या जागा भरणं. त्यातलं पाश्चात्त्य संगीत लंडनला झालं. उरलेल्या जागांसाठी तो मुंबईला आला.

(दृश्य: सरोद, संतूर, शहनाई, सूरबहार. वाजवणारे हात जवळून.)

आता स्टुडिओत कोण कोण होतं बघा. सरोदवर आशिष खाँ, उस्ताद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव. तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र. संतूरला शिवकुमार शर्मा. बासरीला एस. आर. केंकरे आणि हरिप्रसाद चौरसिया. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, हार्मोनियमला रिजराम देसाद, सतारीला शंभू दास. पुढे यातल्या काही नावांवर सभागृहं भरली. तेव्हा यातले कित्येक जण सकाळी आकाशवाणी, दुपारी सिनेमाचं रेकॉर्डिंग अशी धावपळ करणारे मुंबईचे वादक होते.

आणि विनायक व्होरांची तारशहनाई. या वाद्याकडे जरा नीट पाहा. अंग इसराजाचं, वाजवायचं गजानं, पण बाजूला ग्रामोफोनला असतो तसा धातूचा भोंगा. तारेचा सूर त्या भोंग्यातून बाहेर पडतो आणि शहनाईच्या जवळ जातो. इंग्लंडहून आलेल्या माणसाला याची भुरळ पडली नसती तरच नवल.

(दृश्य: जुन्या टेपरेकॉर्डरची फिरणारी चाकं.)

अडचण वेगळीच होती. मुंबईच्या स्टुडिओत होतं मोनो मशीन, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीवर. हॅरिसनच्या आठवणीप्रमाणे, एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं, म्हणजे दोन पट्ट्यांचं, मशीन रेल्वेनं मागवलं. पण दोन ट्रॅक म्हणजे तरी काय? लंडनमध्ये वेगवेगळी वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर निवांत आवाज कमी-जास्त करायची सोय होती. इथे जे वाजलं, ते त्या क्षणी जसं मिसळलं तसंच कायमचं. सरोद फार पुढे आला, तर वादकाला मागे सरकवा आणि पुन्हा घ्या.

या शिस्तीची हॅरिसनला आता सवय राहिली नव्हती. अख्खा वाद्यवृंद एका दमात टेक देतो अशा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत मुरलेल्या आपल्या मंडळींना तिचं काय कौतुक असणार!

(दृश्य: इमारतीचा जिना. उतरणाऱ्या पावलांचा आवाज.)

शिवाय स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. हॅरिसननंच पुढे सांगितलंय की काही तुकड्यांत कान देऊन ऐकलं तर खालून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. आणि संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवायचं, कारण माणसं धाडधाड जिने उतरायची आणि ते सगळं माइकमध्ये यायचं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडमधला गिटारवादक फोर्टातल्या कारकुनांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालला होता.

चित्रपटाचं काम झालं आणि त्याच वादकांना घेऊन हॅरिसननं आणखी एक चाल रेकॉर्ड केली. शब्द होते चिनी ग्रंथ ताओ ते चिंगमधल्या एका प्रकरणावर बेतलेले. ते प्रकरण त्याला सुचवलं होतं केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी. फेब्रुवारीत लंडनला त्या टेपवर गायन चढवलं. एवढ्या वरच्या पट्टीत आपल्याला जमेल का, अशी हॅरिसनला धास्ती होती. बीटल्समधले त्याचे साथी लेनन आणि मॅकार्टनी यांनी त्याला धीर दिला, शेवटी आपलाही आवाज मिसळला.

हे गाणं म्हणजे ‘दि इनर लाइट’. 15 मार्च 1968 रोजी ते ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. आणि गंमत म्हणजे, त्यात चौघांपैकी कुणीही एकही वाद्य वाजवलेलं नाही. सरोद, बासरी, शहनाई, पखवाज, हार्मोनियम, सगळं फोर्टातलं. सिंगलच्या लेबलवर मात्र या वादकांपैकी एकाचंही नाव नव्हतं. सिंगलवर नावं द्यायची पद्धतच नव्हती, हे खरं. तरी खटकतं.

(दृश्य: ‘वंडरवॉल म्युझिक’ एलपीचं पाकीट, मागची बाजू.)

नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’च्या पाकिटावर मुंबईच्या वादकांची यादी छापली गेली. स्पेलिंगमध्ये थोडी गडबड आहे, पण नावं आहेत. बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचा हा पहिला अल्बम. अमेरिकेत अल्बमच्या यादीत तो 49 व्या क्रमांकापर्यंत चढला. सिनेमाचं म्हणाल, तर तो फारसा चाललाच नाही.

रेल्वेनं मशीन मागवणारे भास्कर मेनन पुढे 1971 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइड या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अमेरिकेत घराघरांत पोचवण्यामागे त्यांचीच धडपड होती. त्यांच्यावर स्वतंत्र माहितीपट व्हायला हवा.

(दृश्य: ध्वनिलहरींचा आलेख. कुणीही गात नाही.)

2014 मध्ये या अल्बमची नवी आवृत्ती आली. तिच्यात ‘दि इनर लाइट’चा मुंबईचा एक वेगळा टेक आहे, गायनाशिवायचा. आम्हाला विचाराल तर सिंगलपेक्षा हाच सरस. एकदा सरोदाकडे लक्ष ठेवून ऐका, एकदा बासरीकडे. मग सिंगल लावून बघा, हॅरिसनचा आवाज नेमका कुणाच्या मागून चाललाय ते.