वाढत्या शहरांचा हिशेब: फिनिक्स, ऑस्टिन आणि फ्रिस्को

पडद्यावर दिसणाऱ्या या काँक्रीटच्या कालव्यातून कोलोरॅडो नदीचे पाणी वाहत आहे. हवासू सरोवरातून ते आधी पंपांनी सुमारे अडीचशे मीटर उंच चढवले जाते आणि मग अ‍ॅरिझोनाचे वाळवंट ओलांडून फिनिक्सकडे निघते. टुसॉनपर्यंत जाणारा हा कालवा ३३६ मैल, म्हणजे सुमारे ५४० किलोमीटर लांब आहे. १९७३ मध्ये सुरू झालेले त्याचे काम पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली. अमेरिकेतल्या वेगाने वाढणाऱ्या शहरांची तुलना नोकऱ्यांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. आम्ही ती पाण्यापासून आणि घरापासून करत आहोत, कारण नोकरीसाठी आलेला माणूस टिकतो की पुढच्या गावी जातो, हे तिथेच ठरते.

१९५० साली फिनिक्सची लोकसंख्या जेमतेम १ लाख ७ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती १६ लाख ८ हजारांवर गेली आणि फिलाडेल्फियाला मागे टाकून हे देशातले पाचवे मोठे शहर ठरले. हे आकडे वाचताना मात्र एक खबरदारी घ्यायला हवी. १९५० मध्ये शहराची हद्द अवघी १७ चौरस मैलांची होती, आज ती ५०० चौरस मैलांहून मोठी आहे. म्हणजे माणसे आली, तशी आजूबाजूची जमीनही हद्दीत येत गेली. तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या सॅन फ्रान्सिस्कोला ही सोय कधीच नव्हती.

स्वस्त जमीन, उबदार हिवाळा आणि घरोघरी पोहोचलेले एअर कंडिशनर ही फिनिक्सची जुनी ओढ. तिला आता चिप उद्योगाची जोड मिळाली आहे: तैवानच्या टीएसएमसी कंपनीने २०२० मध्ये इथे १२ अब्ज डॉलर्सचा कारखाना जाहीर केला आणि २०२५ पर्यंत नियोजित गुंतवणूक १६५ अब्जांवर नेली. पण २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस इथला पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर जात राहिला, आणि फिनिक्स ज्यात येते त्या मॅरिकोपा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले गेले. त्यांत बेघरांची संख्या मोठी होती. लोकसंख्यावाढीच्या तक्त्यात ही माणसे दिसत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख आम्ही टाळणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, पुढच्या शंभर वर्षांत भूजल सुमारे ४ टक्के कमी पडेल असा अंदाज आल्यावर, केवळ भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना मंजुरी देणे राज्याने थांबवले.

टेक्ससमधल्या ऑस्टिनची गोष्ट वेगळी आहे. इथल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात १९८४ मध्ये डेल कंपनीचा जन्म झाला, आणि २०२१ च्या अखेरीस टेस्लाने आपले मुख्यालय कॅलिफोर्नियातून इथे हलवले. राज्याचा आयकर नाही हे मोठे आकर्षण असले, तरी घरपट्टी चांगलीच भारी आहे, हे नवख्या घरमालकाला पहिल्या वर्षीच कळते. २०१० ते २०२० या काळात लोकसंख्या ७ लाख ९० हजारांवरून ९ लाख ६२ हजारांवर गेली आणि घरभाडी भडकली. शहराने त्यावर जे केले ते आम्हाला सर्वांत दखल घेण्याजोगे वाटते. एका प्लॉटवर एकच घर या जुन्या शिरस्त्याऐवजी डिसेंबर २०२३ मध्ये तीन घरांना परवानगी मिळाली, आणि पुढच्या मे महिन्यात प्लॉटचे किमान क्षेत्रफळ ५,७५० चौरस फुटांवरून १,८०० वर आणले गेले. तोवर आधीच्या तेजीत सुरू झालेल्या असंख्य अपार्टमेंट्सचे बांधकाम पुरे होत आले होते आणि भाडी उतरू लागली होती.

डॅलसच्या उत्तरेचे फ्रिस्को मराठी कुटुंबांना परके नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशनही डॅलसमध्येच भरले होते. विटांची दुमजली घरे, चालत जाण्याच्या अंतरावरची शाळा, टोल रस्त्यालगतची कार्यालये, कार्यसिद्धी हनुमान मंदिर, आणि शेजारच्या प्लॅनोमध्ये २०१७ पासून टोयोटाचे उत्तर अमेरिकी मुख्यालय. २००० साली ३३,७१४ लोकवस्तीचे फ्रिस्को २०२० मध्ये २ लाखांच्या पुढे गेले. इथली मोकळी जमीन जसजशी भरत गेली, तसतसे नवे खरेदीदार आणखी बाहेर सरकले.

त्यांतले काही पूर्वेला, कॉलिन काउंटीतल्याच प्रिन्स्टनला पोहोचले. २०२० मध्ये १७ हजार वस्तीचे हे गाव २०२४ मध्ये ३७ हजारांचे झाले, आणि त्या वर्षी २० हजारांवरच्या शहरांत देशात सर्वाधिक वेगाने वाढले. पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि रस्ते पुरे पडत नाहीत, असे सांगून तिथल्या नगर परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या निवासी बांधकामांना तात्पुरती स्थगिती दिली.